मॅनेज्ड स्विच घेतला, पण तो मॅनेज कोण करणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या शाळा, ग्रामपंचायती, छोटी रुग्णालयं, आंबा-काजूची पॅकहाऊस आणि किनाऱ्यावरची हॉटेलं यांची एक ठरलेली तक्रार असते. विजा झाल्या, लाइट गेली, लाइट आली, पण नेट काही आलं नाही. मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोनावर फोन. कंपनीचा माणूस सवडीने येतो, आपला लॅपटॉप थेट राउटरला लावतो, नेट धडाधड चालतं, ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून निघून जातो. आणि खरोखरच त्याच्याकडून ओके असतं. बिघाड आवारातल्या वायरिंगमध्ये असतो आणि बऱ्याचदा त्याचं नाव एकच असतं, लूप, म्हणजे केबलचं नकळत झालेलं वर्तुळ. तो आपोआप थांबवायची सोय ज्यात आहे असा मॅनेज्ड स्विच (नेटच्या केबल एकत्र जोडणारा, सेटिंग करता येणारा डबा) तिथेच रॅकमध्ये बसलेला असतो. साध्या स्विचपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून तो घेतलेला असतो, पण खोक्यातून काढून भिंतीला लावण्यापलीकडे त्याला कुणी हात लावलेला नसतो. या पत्राचा विषय तेवढाच.

लूप ओळखायला यंत्र लागत नाही. रॅकसमोर उभं राहावं. एरवी स्विचवरचे दिवे थांबत-थांबत, आपापल्या चालीने लुकलुकतात. लूप झाला की सगळे एकदम, जवळजवळ न विझता फडफडतात. ज्या पोर्टवर, म्हणजे वायर लावायच्या भोकावर, नुसता रिकामा बसलेला प्रिंटर आहे त्याचासुद्धा. कॅमेऱ्यांचं चित्र थिजतं, बिलिंगचा कॉम्प्युटर सर्व्हर सापडत नाही म्हणतो, राउटरचं पान उघडत नाही. अशा वेळी सगळं बंद करून पुन्हा चालू करण्यात अर्थ नाही, कारण वायर जिथल्या तिथे आहे. मुख्य स्विचमधून दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या, म्हणजे अपलिंक, केबल एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर दिवे शांत होतात, तिच्या दुसऱ्या टोकाच्या स्विचकडे जावं आणि तिथे पुन्हा तेच करावं. सहसा शेवटी टेबलाखाली एखादा पाच पोर्टचा स्वस्त स्विच सापडतो आणि सफाई करताना सुटलेलं केबलचं टोक कुणीतरी सद्हेतूने त्याच्याच दुसऱ्या भोकात खुपसलेलं असतं.

एका वायरीने एवढा गोंधळ का व्हावा? ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठी असलेली फ्रेम (माहितीचं पुडकं) आली की स्विच ती आल्या पोर्टखेरीज बाकी सगळ्या पोर्टवर सोडतो. आयपी पॅकेटमध्ये दर राउटरला एकने घटणारा आकडा असतो, तो शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला असं आयुष्य लिहूनच दिलेलं नाही. वर्तुळ मिळालं की ती फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला तिच्या नव्या प्रती निघतात. देवासमोरच्या गाऱ्हाण्यात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, इथवर ठीक; पण प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ला पुन्हा सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं ठरलं तर नारळ फुटायची वेळच यायची नाही. शिवाय एकच मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) क्षणात या पोर्टवर, क्षणात त्या पोर्टवर दिसू लागतो, त्यामुळे स्विचची पत्त्यांची वहीही बिघडते आणि नेहमीची कामंसुद्धा भरकटतात.

आपल्याकडे अशी वर्तुळं जरा जास्तच तयार होतात. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय धड पलीकडे जात नाही, म्हणून खोलीगणिक ॲक्सेस पॉइंट लावावा लागतो आणि प्रत्येकाला वायर ओढावी लागते. इमारती एका आवारात पण लांब-लांब असतात, चढउतारावर असतात. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच चालते, त्यामुळे मध्ये-मध्ये स्विच येतात. त्यात ‘एक वायर गेली तर दुसरी असावी’ म्हणून जादा केबल टाकली जाते. ती टाकणं शहाणपणाचंच आहे, फक्त तिचा निवाडा करणारं कुणीतरी हवं.

तो निवाडा करते ती स्पॅनिंग ट्री. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ही रीत बसवली, १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली आणि २००१ मध्ये तिची जलद आवृत्ती, ८०२.१डब्ल्यू म्हणजे आरएसटीपी, आली. सगळे स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवतात, त्यातून एकाला मूळ ठरवतात. त्याला रूट ब्रिज म्हणतात. मग बाकीचा प्रत्येक स्विच रूटकडे जाणारा सर्वांत स्वस्त रस्ता उघडा ठेवतो आणि वर्तुळ करणारे जादा रस्ते बंद ठेवतो. उघडा रस्ता तुटला की बंद असलेला चालू होतो. मूळ रीतीत, म्हणजे एसटीपीत, या बदलाला ३० ते ५० सेकंद लागतात. आरएसटीपीत दोन्ही टोकं व्यवस्थित असतील तर सेकंदभरातही काम होतं.

आता खरी गोम. रूट कोण होणार हे प्रायॉरिटीच्या आकड्यावर ठरतं, लहान आकडा जिंकतो. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक स्विचवर हा आकडा सारखाच असतो, ३२७६८. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच रूट होतो आणि एकाच कंपनीच्या स्विचमध्ये लहान मॅक पत्ता बहुधा सर्वांत जुन्याचा असतो. म्हणजे सेटिंग न करता सोडलं की आवारातला सगळ्यात म्हातारा, सगळ्यात हळू स्विच पाटलाच्या खुर्चीत बसतो.

याचा परिणाम एका पॅकहाऊसच्या मांडणीवर पाहू. ऑफिसात एक गिगाबिट स्विच, त्यालाच कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र. ग्रेडिंगच्या शेडमध्ये दुसरा गिगाबिट स्विच, त्यावर २० कॅमेरे. गोदामात तिसरा, जुना, १०० एमबीपीएसचा. तिघे एकमेकांना जोडलेले, त्रिकोण. गोदामातला जुना स्विच रूट झाला. गिगाबिट दुव्याची किंमत ४, १०० एमबीपीएस दुव्याची १९. ऑफिसला रूटकडे जाण्याचा स्वस्त रस्ता थेट गोदामाचा, १९. शेडवरून गेलं तर २३. शेडचंही तेच. दोघांनी आपापली गोदामाकडची वायर धरली आणि ऑफिस व शेड यांच्यामधला गिगाबिट दुवा जादा ठरून एका टोकाला बंद झाला. कॅमेरा प्रत्येकी ४ एमबीपीएस धरला तरी २० कॅमेऱ्यांचे ८० एमबीपीएस गोदामातून वळसा घालून १०० एमबीपीएसच्या नळीतून येणार. रेकॉर्डिंग तुटतं, मालक कॅमेरे बदलतो, मग एनव्हीआर बदलतो, तरी रेकॉर्डिंग तुटतंच. ऑफिसच्या स्विचवर प्रायॉरिटी ४०९६ केली की थेट दुवा उघडतो आणि बंद राहते ती गोदाम-शेड यांमधली वायर, जी बंद राहायलाच हवी होती. खर्च शून्य.

हे करायचं कसं ते थोडक्यात लिहितो. आदेश इथे देवनागरीत आहेत, स्विचवर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. वेब पानावरून करणाऱ्यांना हीच नावं ‘स्पॅनिंग ट्री’च्या विभागात दिसतील. आधी कागदावर नकाशा काढावा: कुठला स्विच, कुठल्या पोर्टवरून, कुणाला. मग चालू सेटिंगची प्रत लॅपटॉपवर उतरवून घ्यावी. काम बंद असलेल्या वेळी आणि शक्य तर कन्सोल केबल (स्विचच्या सेटिंगसाठीची वेगळी केबल) लावून करावं, कारण काही चुकलं तर नेटवर्कवरून स्विचपर्यंत पोचताच येत नाही.

पहिलं पाहायचं ते हे की स्पॅनिंग ट्री चालू आहे का. काही कंपन्यांच्या स्विचवर ती आधीपासून चालू असते, काहींवर बंद. चालू करून प्रकार आरएसटीपी निवडावा. सिस्को कंपनीच्या स्विचवर तो ‘स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी’ असा दिला जातो. मग मुख्य स्विचवर ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १ प्रायॉरिटी ४०९६’ (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), त्याच्या खालोखाल भरवशाच्या स्विचवर ८१९२, बाकीच्यांना हात लावू नये. आकडा ४०९६ च्या पटीतच लागतो, ५००० लिहिलं तर स्विच नाकारतो. नंतर तपासताना ४०९६ ऐवजी ४०९७ दिसलं तर दचकू नये, त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवलेला असतो. व्हीलॅन १० ला ४१०६ दिसेल. सिस्कोच्या या प्रकारात प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं असतं. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन १०, पाहुण्यांच्या वायफायचा २०, आणि प्रायॉरिटी फक्त १ ला दिलेली, हा घोळ फार ठिकाणी दिसतो. ‘रूट प्रायमरी’ असा एक तयार आदेशही आहे. तो त्या घडीला बाकीच्यांचे आकडे पाहून आपला आकडा ठरवतो, पुढे कुणी लहान आकड्याचा स्विच आणून लावला तर बघत बसतो. त्यापेक्षा आकडा स्वतः द्यावा. शेवटी ‘शो स्पॅनिंग-ट्री’ देऊन मुख्य स्विचवर ‘धिस ब्रिज इज द रूट’ ही ओळ आली की हा भाग झाला.

दुसरं काम पोर्टचं. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा लावलेले पोर्ट ‘एज’ करावेत. सिस्कोत त्याला पोर्टफास्ट म्हणतात. एज पोर्ट वायर लावताच चालू होतो. तसं न केल्यास पोर्ट ३० सेकंद वाट पाहत बसतो, तोवर कॉम्प्युटर आयपी पत्ता मागून थकतो आणि ‘सकाळी नेट लागत नाही, दहा मिनिटांनी लागतं’ अशी तक्रार जन्माला येते. दुसरा फायदा असा की एज पोर्टवरचं यंत्र बंद-चालू झालं तरी नेटवर्कभर बदलाचा पुकारा होत नाही आणि बाकीच्या स्विचना पत्त्यांची वही पुसावी लागत नाही. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात हे महत्त्वाचं. अपलिंक मात्र कधीही एज करू नये.

एज केलेल्या प्रत्येक पोर्टवर ‘बीपीडीयू गार्ड’ लावावा. त्या पोर्टवर कुठूनही बीपीडीयू आला, म्हणजे कुणीतरी स्विच लावला किंवा वायर फिरवून परत आणली, तर तो पोर्ट तिथल्या तिथे बंद होतो, बाकीचं गाव चालू राहतं. बंद पोर्ट आपोआप उघडावा म्हणून ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड’ देता येतं. ठरलेली मुदत ३०० सेकंदांची असते. दुरुस्तीला माणूस दुसऱ्या तालुक्यातून यावा लागतो अशा ठिकाणी हे लावावंच. लूप काढलेला नसेल तर पोर्ट पुन्हा बंद होतो, नुकसान काही नाही. इथे एक सावधगिरी. यादीत गार्डच्या शेजारीच ‘बीपीडीयू फिल्टर’ असतो. पोर्टवर फिल्टर लावणं म्हणजे तिथली स्पॅनिंग ट्री बंद करणं. तक्रारी थांबाव्यात म्हणून फिल्टर लावून ठेवणारे तंत्रज्ञ आहेत आणि लूप व्हायला मग एकच पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी केबल, पुरते.

मेश वायफाय, म्हणजे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना हवेतून जोडणारी सोय, वापरणाऱ्यांनीही जपावं. काही मेश ॲक्सेस पॉइंट स्वतः बीपीडीयू पाठवतात, गार्डने त्यांचा पोर्ट बंद होतो आणि लोक गार्डला दोष देतात. वायरही आहे आणि मेशही चालू आहे, तर तेही एक वर्तुळच असतं. वायर असेल तिथे मेश बंद करावं.

टेबलाखालचा तो पाच पोर्टचा स्विच हा सगळ्यात नाठाळ गडी. बहुतेक साधे स्विच बीपीडीयू पुढे सोडतात, त्यामुळे त्यांच्यात झालेला लूप वरच्या मॅनेज्ड स्विचला आपलाच निरोप परत आल्यावर कळतो. पण काही जण बीपीडीयू गिळतात. मग स्पॅनिंग ट्री आंधळी. अशा पोर्टवर दोन जादा उपाय लागतात: स्विचमध्ये ‘लूप डिटेक्शन’ असेल तर ते, आणि ब्रॉडकास्टची मर्यादा घालणारं ‘स्टॉर्म कंट्रोल’. गिगाबिट पोर्टवर १ टक्का ठेवला तरी १० एमबीपीएस होतात, साध्या ऑफिसच्या ब्रॉडकास्टला ते भरपूर आहेत. आणि नवा छोटा स्विच घेताना खोक्यावर ‘स्मार्ट’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नये. त्यातल्या काहींत व्हीलॅन असतं, लूप प्रिव्हेन्शन असतं, स्पॅनिंग ट्री नसते. माहितीपत्रकात ‘८०२.१डब्ल्यू’ आहे का ते बोट ठेवून वाचावं.

एकाच आवारात दोन कंपन्यांचे स्विच असले तर सिस्कोचा स्वतःचा प्रकार सोडून एमएसटीपी, म्हणजे अनेक झाडं चालवणारा मानक प्रकार, घ्यावं. त्यात रीजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजनचा आकडा आणि कुठला व्हीलॅन कुठल्या इन्स्टन्समध्ये (झाडात) हा तक्ता सगळ्या स्विचवर तंतोतंत एक हवा. नावातलं एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी स्विच स्वतःला परका समजतो. दुव्यांची किंमत मोजायची पद्धतही एकच ठेवावी. जुन्या पद्धतीत गिगाबिटला ४, नव्या पद्धतीत २००००. एक स्विच असा आणि एक तसा असेल तर हिशेब जुळणारच नाही, आणि चांगली वायर बंद, वाईट चालू असा उलटा न्याय होतो.

खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या हॉटेलांत आणि कोळंबी प्रकल्पांत रेडिओचा दुवा असतो, सोबत कधी फायबरही. रेडिओ दुव्याची किंमत हाताने वाढवून ठेवावी, नाहीतर स्विचला तो गिगाबिट केबलच वाटतो, कारण त्याला दिसते ती फक्त रेडिओपर्यंतची वायर. याच कारणाने हवेतला दुवा तुटला तरी पोर्टचा दिवा पेटलेलाच राहतो. तीन निरोप चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की मग स्विचला समजतं. फायबर आणि तांब्याची वायर जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरचंही हेच. फायबरच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला की निरोप एकाच बाजूने जातात. ज्याला निरोप येत नाहीत तो स्विच वाट मोकळी झाली असं समजून बंद पोर्ट उघडतो आणि लूप होतो. स्विच-स्विचमधल्या दुव्यांवर ‘लूप गार्ड’ लावला की असा पोर्ट उघडत नाही.

आणि खारी हवा. किनाऱ्याजवळ आरजे-४५ च्या, म्हणजे नेटच्या केबलच्या प्लगच्या, पिना काळवंडतात, हिरवट होतात, दुवा मिनिटागणिक तुटतो-जुळतो. स्पॅनिंग ट्रीचा सविस्तर तपशील उघडला तर ‘टोपॉलॉजी चेंज’चा (जोडणीतल्या बदलांचा) आकडा आणि शेवटचा बदल कुठल्या पोर्टवरून आला ते दिसतं. एका दिवसात तो शेकड्यांनी वाढत असेल तर त्या पोर्टचा माग धरत शेवटच्या स्विचपर्यंत जावं, टोकाला बहुधा कुजलेला प्लग असतो. सेटिंगने प्लग बरा होत नाही, तो कापून नवा मारावा. दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नकोच. विजेचा धक्का तांब्यातून चालत येतो, फायबरमधून येत नाही.

रूट स्विच यूपीएसवर असावा. तो लाइटबरोबर जात राहिला तर दर खेपेला निवडणूक नव्याने होते. वेब पानावर ‘अप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही दोन वेगळी बटणं आहेत हेही ध्यानात घ्यावं: नुसतं अप्लाय करून उठलेल्या माणसाची सगळी मेहनत पुढची लाइट जाईपर्यंतच टिकते.

पण आमची खरी तक्रार यापुढची आहे. विजेने स्विच जळतो, दुकानदार दुसऱ्या दिवशी तसाच नवा आणून बसवतो, दिवे लागतात, बिल होतं. जळालेल्या स्विचसोबत प्रायॉरिटी, एज पोर्ट, गार्ड, सगळं गेलेलं असतं आणि त्याची प्रत कुणाकडेच नसते. पासवर्ड बसवणाऱ्याच्या डोक्यात, तो माणूस मुंबईला. ग्रामपंचायत, शाळा, नगरपंचायत यांच्या कोटेशनात ‘मॅनेज्ड स्विच, नग २’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याखाली चार गोष्टी वाढवाव्यात: रूट आणि राखीव रूट कुठले, त्यांच्या प्रायॉरिटीसह; एज व गार्ड लावलेल्या पोर्टची यादी; सेटिंगच्या फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर; पासवर्ड बंद पाकिटात, कार्यालयाच्या कपाटात. हे सगळं मिळून दोन-तीन पानांत मावतं, पण स्विच बदलताना हीच पानं नसली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आणि सही करण्याआधी परीक्षा घ्यावी. त्याला तांत्रिक ज्ञान लागत नाही, मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत अधिकारीही घेऊ शकतात. एका कॉम्प्युटरवर राउटरला सतत पिंग (उत्तर येतंय का ते पाहणारी हाक) लावून ठेवायचं. एक पॅच कॉर्ड घेऊन तिची दोन्ही टोकं स्विचच्या दोन रिकाम्या एज पोर्टमध्ये घालायची. पोर्ट लगेच बंद पडला पाहिजे आणि पिंग चालू राहिलं पाहिजे. मग दोन स्विचमधली चालू अपलिंक काढायची; जादा वायर असेल तर एक-दोन पिंग चुकून गाडी पुन्हा रुळावर आली पाहिजे. तिसऱ्यांदा सगळ्या स्विचची वीज घालवून पुन्हा द्यायची आणि पाच मिनिटांनी रूट तोच आहे का ते पडद्यावर दाखवायला सांगायचं. तिन्हींत पास झाला तर बिलावर सही करावी. कॉर्ड काढून झाल्यावर बंद पडलेला पोर्ट ३०० सेकंदांत स्वतः उघडेल. रिकव्हरी लावलेली नसेल तर त्या पोर्टवर आधी ‘शटडाउन’ आणि मग ‘नो शटडाउन’ द्यावं लागतं, तेही बसवणाऱ्याकडून त्याच वेळी शिकून घ्यावं.

आपले,
नेटवर्क देखभालीचं काम करणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी